शंभर सामन्यांची वही: एका हंगामाच्या वापरानंतर

टोरंटोहून भाच्याने पाठवलेली बेसबॉलच्या गुणलेखनाची वही मी २०२५ च्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून २ नोव्हेंबरच्या सकाळपर्यंत वापरली, आणि त्यानंतर मिटून कपाटात ठेवलेली ती वही परवा पुन्हा उघडल्यावर आज तिच्याविषयी लिहायला बसलो आहे. एखाद्या वस्तूचे परीक्षण तिच्या नवेपणी लिहू नये, निदान एक पावसाळा तरी जाऊ द्यावा, असे माझे मत आहे. या वहीने इंदूरचा पावसाळा पाहिला, दिवाळी पाहिली आणि टोरंटोच्या ब्लू जेज या ज्या संघाचे सामने मी तिच्यात लिहीत होतो त्याचा जागतिक मालिकेच्या (वर्ल्ड सिरीज, म्हणजे उत्तर अमेरिकेतील बेसबॉलची जास्तीत जास्त सात सामन्यांची अंतिम फेरी) सातव्या सामन्यातील पराभवही पाहिला, त्यामुळे तिच्याविषयी आता काही ठामपणे म्हणता येईल.

वही आडव्या आकाराची, तारेच्या बांधणीची, जाड पुठ्ठ्याच्या वेष्टनाची आहे. तिच्यात १०० सामने लिहिण्याची सोय आहे. प्रत्येक सामन्याला समोरासमोरची दोन पाने दिलेली असून डावीकडे पाहुण्या संघाची आणि उजवीकडे यजमान संघाची नोंद होते. किंमत भाच्याने सांगितली नाही, पण मागील बाजूचे लेबल काढायला तो विसरला होता, त्यावरून हिशेब करता ती साधारण दीड हजार रुपयांना पडली असावी. मी त्याला परतफेडीदाखल दोन किलो लसणाची शेव आणि जिरावण मसाला पाठवला, तेव्हा व्यवहार फारसा महाग झाला नाही. बनवणाऱ्याचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी करायच्या आहेत, आणि तशाच आखणीच्या वह्या इतरही अनेक जण छापतात.

इंदुरात बसून बेसबॉलचे गुणलेखन करणाऱ्या माणसाची वही हा परीक्षणाचा विषय होऊ शकतो का, हा प्रश्न घरातून विचारून झाला आहे. त्याचे उत्तर थोडे मागे जाऊन द्यावे लागेल. विशी-पंचविशीत मी शहरातील क्लबांच्या क्रिकेट सामन्यांचे गुणलेखन करीत असे. सतरंजीवर मांडी घालून, दगडाखाली पाने दाबून, चहाच्या कपाची वर्तुळे उमटलेल्या लांबलचक वहीत ठिपके मांडण्याचे ते काम होते. ती हौस वडिलांकडून आली. त्यांनी यशवंत क्लबच्या मैदानावर होळकर संघ पाहिला होता, आणि चार वेळा रणजी करंडक जिंकलेल्या त्या संघाच्या विजयांपेक्षा १९४७ च्या मार्चमधला बडोद्याचा अंतिम सामना ते अधिक वेळा सांगत. गुल महंमद ३१९, विजय हजारे २८८, भागीदारी ५७७, आणि ती आमच्या गोलंदाजांविरुद्ध. "तो आकडा लिहिणाऱ्या गुणलेखकाचा हात दुखला असेल," असे म्हणून ते थांबत. दुसऱ्याच्या पराक्रमाची नोंद आपल्या हाताने चुकारपणा न करता करायची असते, हे मी तेव्हापासून जाणून आहे. ते निभावणे किती जड असते याचा अनुभव मात्र यंदा आला.

बेसबॉलशी ओळख २०२३ च्या उन्हाळ्यात झाली. भाच्याकडे गेलो असता त्याने रॉजर्स सेंटरवर ब्लू जेजचा सामना दाखवायला नेले. १९८९ साली उघडलेल्या त्या मैदानाचे छत सरकते आहे, आणि त्या दिवशी ते उघडे होते. खेळ मला फारसा कळत नव्हता, पण शेजारच्या खुर्चीवरच्या वृद्ध बाई मांडीवर एक वही घेऊन पेन्सिलीने चौकटींत काही काढीत होत्या, आणि माझे लक्ष मैदानापेक्षा त्या चौकटींकडेच राहिले. चौथ्या-पाचव्या डावापर्यंत त्यांच्या ते लक्षात आले आणि त्यांनी वही माझ्या बाजूला थोडी कलती केली. परत येताना विमानात मी कागदी रुमालावर तशा चौकटी काढून पाहिल्या.

ज्यांना या पद्धतीची माहिती नाही त्यांच्यासाठी तिचे थोडक्यात वर्णन करतो, कारण त्याशिवाय वहीचे गुणदोष कळणार नाहीत. क्रिकेटच्या वहीत फलंदाजापुढे धावांचे आकडे आणि गोलंदाजापुढे षटकांचे ठिपके येतात. बेसबॉलच्या वहीत प्रत्येक फलंदाजाच्या प्रत्येक खेळीला एक चौकट मिळते आणि त्या चौकटीत मैदानाचा हिरा काढलेला असतो (होम प्लेट, म्हणजे फलंदाज उभा राहतो ती जागा, आणि तीन बेस हे त्याचे चार कोपरे). फलंदाज पहिल्या बेसवर पोहोचला की खालच्या कोपऱ्यापासून उजवीकडे एक रेघ ओढायची, दुसऱ्या बेसवर गेला की दुसरी, तिसऱ्यावर गेला की तिसरी, आणि होम प्लेटला परतला की चौथी रेघ ओढून हिरा भरून टाकायचा. भरलेला हिरा म्हणजे एक धाव. क्षेत्ररक्षकांना नावे नसून क्रमांक असतात. पिचर (चेंडू फेकणारा) १, कॅचर (फलंदाजाच्या मागे चेंडू झेलणारा) २, पहिल्या बेसवरचा ३, दुसऱ्यावरचा ४, तिसऱ्यावरचा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६, आणि बाह्य मैदानातील तिघे डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. चेंडू शॉर्टस्टॉपने अडवून पहिल्या बेसवर फेकला आणि फलंदाज बाद झाला, तर चौकटीत ६-३ एवढेच लिहायचे. तीन स्ट्राइकवर (म्हणजे हुकलेल्या किंवा सोडून दिलेल्या खेळण्याजोग्या चेंडूंवर) बाद झाला तर इंग्रजी 'के' हे अक्षर, आणि तिसरा स्ट्राइक न खेळता नुसता पाहत राहिला तर तेच अक्षर आरशातल्यासारखे उलटे. या लेखनपद्धतीचा पाया घालणारा हेन्री चॅडविक हा इंग्लंडातील एक्झिटर गावात १८२४ साली जन्मलेला आणि अमेरिकेत क्रिकेटच्या बातम्या देणारा वार्ताहर होता, हे कळल्यावर माझ्या मनातला परकेपणा बराच गेला.

वहीची छपाई हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे. प्रत्येक चौकटीत हिरा आधीच फिक्या राखाडी शाईत छापलेला आहे. तो इतका फिका आहे की आपली रेघ त्यावर पडल्यावर खालची रेघ दिसेनाशी होते, आणि इतकाही फिका नाही की पहाटे साडेचारला टेबलदिव्याच्या उजेडात शोधावा लागेल. हे प्रमाण साधणे सोपे नसते. येथे छापखान्यात दाखवून मी याच पानाची नक्कल करून पाहिली तेव्हा हिरे एक तर काळेकुट्ट उमटले किंवा अर्धे गायब झाले. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात बॉल (खेळण्याजोग्या टापूबाहेरचे चेंडू, असे चार झाले की फलंदाजाला पहिला बेस मिळतो) आणि स्ट्राइक मोजण्यासाठी बारीक खाने आहेत, आणि पानाच्या तळाशी पिचरांचा तक्ता आहे. तो पाच ओळींचा असून आजच्या खेळाला अपुरा पडतो, कारण हल्ली एका सामन्यात सहा-सात पिचर सहज येतात.

पानाच्या माथ्यावर तारीख, मैदान, सुरुवातीची वेळ आणि हवामान यांच्यासाठी जागा आहे. वेळेच्या जागी काय लिहावे यावर मी सुरुवातीला बराच अडलो. टोरंटोत संध्याकाळचा सामना ७ वाजून ७ मिनिटांनी सुरू होतो, तेव्हा इंदुरात पहाटेचे ४ वाजून ३७ मिनिटे झालेली असतात आणि तारीखही बदललेली असते. शेवटी दोन्ही वेळा लिहू लागलो. हवामानाच्या रकान्यात मैदानावरचे छत उघडे की बंद हे एका बाजूला आणि आमच्या गच्चीवरचे हवामान दुसऱ्या बाजूला, अशी पद्धत पडली. त्यामुळे या वहीत १४ जूनच्या आसपासच्या एका पानावर 'छत उघडे. इकडे पहिला पाऊस, वीज दोनदा गेली' अशी नोंद सापडते, आणि त्या सामन्यातील दोन डावांच्या चौकटी कोऱ्या आहेत.

कागदाविषयी मत संमिश्र आहे. तो जाड, गुळगुळीत आणि पांढराशुभ्र आहे. शाई पसरत नाही, पण जेल पेनची शाई सुकायला वेळ लागतो आणि डाव्या पानावरून उजव्या पानावर हात नेताना ती पुसली जाते. म्हणून मी सामना चालू असताना पेन्सिलीने लिहायचो आणि संध्याकाळी देवाजवळ दिवा लागल्यानंतर त्याच रेघा काळ्या बॉलपेनाने गिरवायचो. हा दुसरा फेरा मला पहिल्यापेक्षाही आवडू लागला होता, कारण पहाटे घाईत ओढलेली प्रत्येक रेघ संध्याकाळी सावकाश परत भेटत असे. घाई ही खरीच असते. २०२३ पासून पिचरला वेळेची मर्यादा आली आहे. बेस रिकामे असतील तर १५ सेकंद आणि बेसवर कोणी असेल तर आता १८ सेकंद एवढ्या अवधीत पुढचा चेंडू टाकावा लागतो. क्रिकेटमध्ये षटक संपल्यावर गुणलेखकाला जो श्वास मिळतो, तो येथे केवळ डाव पालटताना मिळतो. गुळगुळीत कागदावर पेन्सिल मात्र नीट धरत नाही. गिरवायचे राहून गेले तर काही आठवड्यांत पुसट होते आणि समोरच्या पानाला राखाडी छाया लागते. पावसाळ्यात पुठ्ठ्याचा खालचा कोपरा फुगला, तो फुगलेलाच राहिला. तारेला गंज चढला नाही, याचे श्रेय द्यायला हवे.

सकाळच्या वेळेविषयी थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण वहीचा वापर आणि ती वेळ मला वेगळी करता येत नाही. निवृत्तीनंतर पहाटे उठण्याला कारण लागते, आणि हंगामाच्या सहा-सात महिन्यांत ते कारण या वहीने पुरवले. पहिल्या तीन डावांपर्यंत गल्लीत कुत्रीही हलत नसत. पाचव्या डावाच्या सुमारास दूधवाल्याची फटफटी, सातव्याच्या आगेमागे कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याची कढई तापल्याचा वास, आणि सामना रेंगाळलाच तर नवव्या डावात महापालिकेच्या कचरागाडीचे ध्वनिक्षेपकावरचे गाणे. एका सामन्यात तिन्ही बेस धावकांनी भरलेले असताना ती गाडी दारात आली, तेव्हा ओला आणि सुका अशा दोन्ही बादल्या घेऊन मी खाली पळालो, आणि परत येईपर्यंत काय घडले ते मला आजही माहीत नाही. त्या चौकटीत मी 'कचरा' असे लिहिले आहे. रविवारचे दुपारचे सामने आपल्याकडे रात्री अकराच्या सुमारास सुरू होतात. ते लिहिताना झोप येते, आणि त्या पानांवरचे माझे अक्षर माझे मलाच लावता येत नाही.

आता मुख्य दोषाकडे येतो. या वहीत डावांसाठी बारा रकाने आहेत आणि प्रत्येकाच्या माथ्यावर १ ते १२ असे आकडे ठळक छापलेले आहेत. ते छापायला नको होते. एखाद्या संघाचे नऊही फलंदाज एकाच डावात खेळून पुन्हा पहिल्यावर पाळी आली की तो डाव शेजारच्या रकान्यात वाहतो, आणि तेथून पुढचे सगळे छापील आकडे खोटे ठरतात. साध्या सामन्यांत हे क्वचित घडते. पण २५ ऑक्टोबरच्या सकाळी जागतिक मालिकेच्या पहिल्या सामन्यात टोरंटोने सहाव्या डावात नऊ धावा केल्या आणि अ‍ॅडिसन बार्जरने बदली फलंदाज म्हणून येऊन भरलेल्या बेसवर होम रन (कुंपणापलीकडचा फटका, ज्यावर फलंदाज आणि बेसवरचे सगळे धावा करतात) मारला. जागतिक मालिकेच्या इतिहासात बदली फलंदाजाने असे पूर्वी कधीच केले नव्हते. त्या पानावर छापील सात, आठ आणि नऊ हे आकडे खोडून सहा, सात आणि आठ असे लिहिलेले आहेत. त्या सकाळी मला तो दोष दोष वाटला नाही. चार हिरे एकाखाली एक भरताना पेन्सिलीचे टोक मोडले, आणि सौ.ने आतून विचारले, "अहो, काय झाले?"

दुसरी उणीव अशी की नियमित हंगामात नऊ डावांनंतर बरोबरी असेल तर दहाव्या डावापासून दुसऱ्या बेसवर एक धावक आयता उभा केला जातो, आणि अशा, स्वतःच्या खेळीशिवाय तेथे आलेल्या माणसाची नोंद करायला वहीत काही खूण नाही. सुरुवातीच्या पानावर चिन्हांची यादी आहे, पण तिच्यात हे नाही. हा नियम २०२० पासून चालू असताना वही बनवणाऱ्याने त्याची दखल घ्यायला हवी होती. मी दुसऱ्या बेसच्या कोपऱ्यात एक बारीक त्रिकोण काढू लागलो.

बाद फेरीत तो आयता धावक नसतो, आणि त्यामुळे सामना अक्षरशः कितीही लांबू शकतो. २८ ऑक्टोबरच्या मंगळवारी लॉस एंजेलिसमधील तिसरा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचनंतर सुरू झाला. बारावा डाव संपला तेव्हा माझे पान संपले होते. पुढच्या सामन्यासाठी ठेवलेली दोन पाने उलटली, दोन्ही संघांची नावे पुन्हा लिहिली, रकान्यांवरचा १ खोडून १३ केला. सोळाव्या डावात पोळ्या झाल्याची हाक आली. अठराव्या डावाच्या उत्तरार्धात, म्हणजे यजमानांच्या पाळीत, फ्रेडी फ्रीमनने होम रन मारून लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाला ६-५ असे जिंकून दिले, तेव्हा घड्याळात बारा वाजून गेले होते आणि सामन्याला ६ तास ३९ मिनिटे लागली होती. डॉजर्सच्या शोहेई ओहतानीची ओळ त्या दोन पानांवर पसरली आहे. दोन दुहेरी फटके (थेट दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे), दोन होम रन, आणि त्यानंतर पाच वेळा चार बॉलवर मिळालेला पहिला बेस, त्यांतले चार तर टोरंटोने जाणूनबुजून दिलेले. नऊ वेळा खेळायला आला आणि नऊही वेळा बेसवर पोहोचला. फलंदाजी करताना तो एकदाही बाद झाला नाही. विरोधी संघाची इतकी सुंदर ओळ मी पूर्वी लिहिलेली नव्हती, आणि तेव्हा वडिलांच्या ५७७ ची आठवण झाली हे खरे.

या हंगामात ब्लू जेज येथवर पोहोचतील असे मार्चमध्ये कोणी म्हटले असते तर मी ते मनावर घेतले नसते. २०२४ मध्ये ते आपल्या विभागात तळाला होते. यंदा त्यांनी १६२ पैकी ९४ सामने जिंकले, न्यूयॉर्क यांकीजची बरोबरी केली आणि आपसांतील सामन्यांत वरचढ ठरल्यामुळे विभाग जिंकला. २१ ऑक्टोबरच्या सकाळी, आमच्या पंचांगाप्रमाणे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी (शहरातील बहुतेकांनी आदल्या रात्रीच फटाके उडवून टाकले होते), सिअ‍ॅटलविरुद्ध उपांत्य फेरीच्या सातव्या सामन्यात दोन धावांनी मागे असताना जॉर्ज स्प्रिंगरने सातव्या डावात तीन धावांचा होम रन मारला. त्या चौकटीतला हिरा मी इतका गडद भरला आहे की मागच्या पानावर उठाव आला आहे. १९९३ नंतर प्रथमच टोरंटो जागतिक मालिकेत होते.

जागतिक मालिकेच्या सहाव्या सामन्याचे पान संपते ते ७-४ या नोंदीने. डाव्या क्षेत्ररक्षकाने झेल घेऊन दुसऱ्या बेसवर फेकला आणि परतू न शकलेला धावकही बाद झाला. तेथे मालिका तीन-तीन झाली.

सातव्या सामन्याचे पान हे या वहीचे ७८ वे पान नव्हे, ७९ वे, कारण मध्ये त्या लांबलेल्या सामन्याने दोन सामन्यांची जागा खाल्ली. २ नोव्हेंबरचा रविवार होता. उजव्या पानावर, यजमानांच्या बाजूला, तिसऱ्या डावात बो बिशेटने ओहतानीला मारलेल्या तीन धावांच्या होम रनचा भरलेला हिरा आहे आणि त्याच्या वरच्या ओळींत दोन आणखी. डाव्या पानावर नवव्या रकान्यात, एक जण बाद झालेला असताना, मिगेल रोहास या नवव्या क्रमांकाच्या फलंदाजाचा भरलेला हिरा आहे, ज्याने ४-४ अशी बरोबरी केली. त्या फलंदाजाकडून कोणाचीच अपेक्षा नव्हती. टोरंटो विजेतेपदापासून दोन बाद एवढ्या अंतरावर होते.

नवव्या डावाच्या उत्तरार्धातला रकाना मी अनेकदा पाहिला आहे. तिसऱ्या ओळीत व्लादिमीर गेरेरो धाकटा ८ कडे झेल देऊन बाद. चौथ्या ओळीत बिशेटचा फटका, पहिल्या बेसपर्यंत एक रेघ, मग उभी खूण करून त्याच्याऐवजी धावायला आलेल्या कायनर-फलेफाचे नाव. पाचव्या ओळीत बार्जरला चार बॉल. कायनर-फलेफाची दुसरी रेघ. डॉजर्सनी योशिनोबू यामामोतोला आणले, ज्याने आदल्या रात्रीच सहा डाव टाकले होते. त्याचा चेंडू कर्कच्या अंगाला लागला, बेस भरले, तिसरी रेघ. मग व्हार्शोचा जमिनीवरचा फटका रोहासकडे गेला, रोहास तोल जाता जाता सावरला आणि त्याने होम प्लेटकडे फेकला. कॅचर विल स्मिथचा पाय प्लेटवर वेळेत टेकला होता की नाही हे पंचांनी चित्रफितीवर तपासले. टेकला होता. ४-२. चौथ्या ओळीच्या त्या चौकटीत तीन रेघा आहेत आणि चौथीच्या जागी वहीतली छापील राखाडी रेघ तशीच दिसते. पुढे क्लेमेंटचा उंच फटका नुकत्याच मैदानात आलेल्या अँडी पाहेसने डाव्या क्षेत्ररक्षकाच्या अंगावर आदळत पकडला.

अकराव्या डावात विल स्मिथने दोन बाद असताना होम रन मारला. उत्तरार्धात तिसऱ्या ओळीतल्या गेरेरोने दुहेरी फटका मारला, कायनर-फलेफाने स्वतः बाद होऊन त्याला तिसऱ्या बेसवर सरकवले, म्हणजे त्याच्याही चौकटीत तीन रेघा झाल्या. मग बार्जर पुन्हा चार बॉलवर पहिल्या बेसवर गेला. कर्कची बॅट मोडून चेंडू शॉर्टस्टॉप मुकी बेट्सकडे गेला, त्याने स्वतः दुसऱ्या बेसवर पाय ठेवला आणि पहिल्याकडे फेकला. ६-३, दोघे बाद, सामना संपला, ५-४. मी ६-३ लिहिले. त्याखाली समाप्तीची आडवी रेघ ओढायची असते, ती ओढायला थोडा वेळ लागला. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत, दोन रकान्यांच्या अंतरावर, दोन हिरे तीन-तीन रेघांचे राहिले. क्रिकेटच्या वहीत हे दिसले नसते. तेथे न झालेली धाव कोठेच लिहिली जात नाही.

घड्याळात पावणेदहा झाले होते. भाच्याचा संदेश आला, "मामा, जागा आहेस?" त्याच्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती आणि त्याच रात्री दोन वाजता तेथली घड्याळे एक तास मागे जायची होती, म्हणजे नेमकी हीच रात्र त्यांना एका तासाने लांबून मिळाली. मी 'जागाच' असे उत्तर दिले. त्यापुढे आम्ही दोघांनी काहीही लिहिले नाही.

संध्याकाळी तुळशीचे लग्न होते. ऊस, चिंचा, आवळे मीच आणले, अंतरपाटाचे एक टोक मीच धरले. त्यानंतर नवी मुंबईतला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पाहिला. त्यात खेळणाऱ्या भारतीय संघाला आमच्या होळकर स्टेडियमवर इंग्लंडकडून चार धावांनी हरताना पाहून पंधराच दिवस झाले होते, त्यामुळे मध्यरात्रीच्या सुमारास तो ५२ धावांनी विश्वविजेता झाला तेव्हा गल्लीबरोबर मीही खाली उतरलो, पेढे खाल्ले, ओरडलो. तो आनंद मनापासूनचा होता, आणि सकाळचे दुःख त्याने झाकले गेले नाही. दोन्ही एकाच दिवशी शेजारी-शेजारी राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वाचारला सवयीने जाग आली. टेबलदिवा लावल्यावर लक्षात आले की लिहिण्यासारखे काही नाही. वहीत २१ सामन्यांची कोरी पाने शिल्लक आहेत. संघ हरल्याचे दुःख चार दिवसांत निवळते, असे मला वाटले होते आणि ते बऱ्याच अंशी निवळलेही. त्या पहाटेच्या वेळेचे काय करायचे याची मात्र मी तयारी केलेली नव्हती. दोन सकाळी मी जुनी पाने चाळली, तिसऱ्या सकाळी वही कपाटात ठेवली.

घ्यावी की नाही, असे कोणी विचारल्यास माझे उत्तर असे आहे. नुसता सामना पाहायचा असेल त्याला या वहीची गरज नाही. ज्याने कधी क्रिकेटचे गुणलेखन केले आहे त्याने अवश्य घ्यावी, फक्त रकान्यांवरचे छापील आकडे सुरुवातीलाच दुर्लक्षित करावेत, पिचरांच्या तक्त्याखाली पट्टीने आणखी तीन ओळी आखून ठेवाव्यात आणि मऊ पेन्सिल वापरू नये. शंभर सामन्यांची वही एका हंगामाला मोठी होते. पन्नास सामन्यांची मिळते असे भाचा म्हणतो, आणि ती हाताळायलाही बरी पडेल. मी मात्र पुढच्या मार्चमध्ये हीच पुढे चालवणार आहे. पुठ्ठ्याचा फुगलेला कोपरा चिकटपट्टीने बसवून घेतला आहे.

परवा भाच्याने त्या शेवटच्या पानाचा फोटो मागितला. तो काढण्यासाठी वही उघडली तेव्हा दिसले की एकूण ७८ सामन्यांपैकी तेवढा एकच अजून पेन्सिलीतच आहे. त्या संध्याकाळी गिरवायचा राहिला, आणि नंतरही मी तो टाळला. गुळगुळीत कागदावरून शिसे हळूहळू उतरते आहे. ६-३ अजून स्पष्ट आहे, ४-२ मधला दोन वाचायला चष्मा लागतो. काल राजवाड्याजवळून बारीक टोकाचे काळे बॉलपेन आणले आहे. आज दिवेलागणीनंतर पहिल्या डावापासून सुरुवात करीन.